मधलं दार

अप्पा, परवानगी मिळाली! बीदरच्या आपल्या राहत्या घरात, खालच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवायला पालिकेने हो म्हटलं, आणि आज सकाळी पहिला पेशंट तपासूनही झाला. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चांगली बातमी आली की आधी तुमचीच खुर्ची आठवते. भालकीत तुम्ही बाहेरच्या खोलीत टेबल टाकलंत आणि दवाखाना सुरू झाला; कुणाला विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आता राहत्या वस्तीत दवाखाना म्हटलं की नियम आहेत. डॉक्टर त्याच घरात राहणारा हवा, घराचा थोडाच भाग वापरायचा, खाट टाकून पेशंट ठेवायचा नाही, गाड्या आपल्याच कंपाउंडात. आणि पेशंटचं दार वेगळं, आतून घरात यायला वाट नको.

ही शेवटची अटच आपल्याला भोवली. भालकीला दवाखाना आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार, तेही सदा उघडं. परीक्षेच्या दिवसांत खोकल्यांच्या आवाजात अभ्यास होईना म्हणून मी ते एकदा ओढून घेतलं, तर तुम्ही गळ्यात स्टेथोस्कोप तसाच घेऊन आत आलात. "दार कामून लावलीस गं? दवाखाना येगळा आन् घर येगळं हाय व्हय?" हुलसूरहून बसने आलेली माणसं सुई टोचून झाली की सरळ आत यायची, आई त्यांच्यापुढे ज्वारीची भाकरी आणि आमटी ठेवायची, स्पिरिटचा वास फोडणीत मिसळून जायचा. आपल्यात दारी आलेल्याला उपाशी लावून देत नाहीत. येईल त्याला जेवू घालायचा दासोह काय फक्त मठातच असतो?

म्हणून इथेही मी मधलं दार ठेवलंच होतं. पालिकेचे इंजिनिअर पाहणीला आले, नकाशा बघितला, गाड्यांची जागा बघितली, मान डोलावली आणि ते दार ढकललं. आत पाटावर एक म्हातारबाबा जेवत बसलेले! तुमचे जुने पेशंट, डॉक्टरांची लेक दवाखाना काढायलीय असं कळल्यावर भालकीहून निघून आलेले.

"तुम्ही कोण, अज्जा?"

"पेशंट हाय की. अजून तपासलं न्हाई, आदी जेवा म्हनल्या अक्का."

अक्का म्हणजे आपली आई, हातात वाढायची पळी घेऊन उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्याडम, अजून परवानगी न्हाई, आन् पेशंट चुलीपर्यंत आलाय बघा," इंजिनिअर हसू दाबत म्हणाले, पण सही न करताच गेले. दार बुजवा, मग बोलवा.

गवंडी आला, दाराच्या जागी लाल दगडाची भिंत उभी राहिली, गिलावा झाला. आई त्या भिंतीकडे पाठ करून भाकरी थापू लागली. पण दुसऱ्या पाहणीत सही झाली.

आज तेच बाबा पहिले आले. मी तपासलं, औषध लिहून दिलं, आणि ते पेशंटच्या दाराने बाहेर पडून फाटकाकडे निघाले. तर आई घराच्या पायरीवर हजर. "या की. दवाखान्याच्या दारानं पेशंट, घराच्या दारानं पाव्हणं. पाव्हण्याला जेवू घालू नका म्हनून लिवलंय का कुठं?" बाबा वळसा घालून आत! अप्पा, मी इतकी हसले, की पुढच्या पेशंटने मलाच बरं आहे ना म्हणून विचारलं.

हे पत्र पाठवायचं कुठे? लिहून इथेच ठेवणार आहे, म्हणून आईला न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. गवंड्याने शेवटचा दगड बसवला तेव्हा मला बरं वाटलं होतं. भालकीच्या त्या दारातून हाक आली की तुम्ही ताटावरून उठायचात. तुमचं माझं एक जेवणसुद्धा शेवटपर्यंत बरोबर झालं नाही. आज दुपारी मी निवांत, पोटभर जेवले. कुणी हाक मारली नाही. आणि हात धुऊन उठेपर्यंत माझा कान त्या भिंतीकडेच होता.