नाक माझं, फोटो त्यांचा

प्रिय आयव्ही आत्या,

व्हॅल्माचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, कोंबड्या अंडी देतात का, चर्चमधल्या बायका अजून तुझ्याशी भांडतात का, हे सगळं विचारलं असं समज. आम्ही बरे आहोत. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला, म्हणून लगेच लिहिते. (माझं अक्षर मेंढीने लिहिल्यासारखं आहे असं तू म्हणतेस. चौथीनंतर बाबांनी शाळेतून काढून गोठ्यात घातलं, तेव्हा दोष तुझ्या भावाला दे, मेंढीला नको.)

तर नाक. मागच्या उन्हाळ्याआधी नाकपुडीशेजारी एक पुटकुळी आली. दुखत नाही, खाजत नाही. टॉवेलने तोंड पुसलं की रक्त, मग खपली, खपली पडली की वाटायचं गेली एकदाची, आणि पंधरा दिवसांत पुन्हा हजर. मी तिला गायींच्या आचळांचं मलम लावलं. डब्यावर गाय आहे, पण कातडी ती कातडी. वर्षभर चोळलं. नाक लोण्यासारखं मऊ झालं, पुटकुळी होती तिथेच.

आता आमच्या गायी पांढऱ्या तोंडाच्या. उन्हाने त्यांच्या डोळ्याला कॅन्सर होतो हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शेजाऱ्याच्या गायीचा डोळा बिघडला तर मी कुंपणापलीकडून ओरडून सांगते. आरशात मात्र मी केस बघायला जाते, तेही ख्रिसमसला. एका सकाळी चहा पिताना क्लेम माझ्याकडे टक लावून बसला. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा असा कधी बघितला नव्हता, मला वाटलं आता काहीतरी गोड बोलणार. म्हणाला, “व्हॅल्मा, तू गाय असतीस तर तुला गेल्या वर्षीच विकली असती.”

गेले मग. डॉक्टरीणबाई पोरसवदा. दिव्याचं भिंग नाकाला टेकवलं आणि जत्रेत बक्षिसाचा केक सापडावा तशी खूश झाली. कड मोत्यासारखी चकाकते म्हणे, वर बारीक लाल शिरा, मध्ये खळगा. “बघूनच कळतंय, पण तुकडा तपासल्याशिवाय बोलायचं नाही,” म्हणाली. सुई टोचून बधिर केलं, मसुराएवढा तुकडा काढून शहरात पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर. मी मनात शवपेटीचं लाकूडसुद्धा निवडलं. तर म्हणते, घाबरू नका. वरच्या कातडीचा जो सगळ्यात खालचा थर, जिथे नवी कातडी तयार होते, तिथल्या पेशी लहानपणापासूनच्या उन्हाने बिघडतात आणि वाढायचं थांबत नाहीत. हा कॅन्सर सहसा दुसरीकडे जात नाही. बसला तिथेच बसतो, हळूहळू खातो आणि खाली मुळं पसरवतो. “क्लेमचा भाऊ,” मी म्हटलं. ती हसली नाही. तिने त्याला बघितलेला नाही.

खरी कटकट पुढे. आमच्या पोरीचं, लीअ‍ॅनचं लग्न तोंडावर आलंय आणि नाक कापायची तारीख नेमकी लग्नाच्या दोन दिवस आधीची, गुरुवारची. ती सोडली तर पुढची थेट हिवाळ्यानंतर. तोवर हा नाकाच्या मऊ हाडात, कूर्चेत शिरेल असं डॉक्टरीणबाई म्हणते, मग नाक शिवायला उरणार किती? हे कळल्यावर नवऱ्यामुलाची आई, मिसेस प्रिचर्ड, लोणी लावलेले गरम स्कोन घेऊन आली. माझं स्वयंपाकघर न्याहाळत म्हणते, “व्हॅल्मा, लग्नानंतरच कर ना गं. फोटो जन्मभर राहतात.” आणि तूही तेच लिहितेस! नातेवाईक काय म्हणतील म्हणे! अगं, आमच्या गावात या उन्हाच्या कॅन्सरपायी इतक्यांचे कान कापलेत की पन्नाशीनंतर दोन्ही कान अख्खे असले तर माणूस बाहेरून आलाय असं समजतात. फोटो जन्मभर राहतात, मग नाकाने काय पाप केलंय?

मी लीअ‍ॅनला सरळ विचारलं. ती म्हणाली, “आई, पट्टी चालेल. नाक घेऊन ये म्हणजे झालं.” पोरगी माझी आहे.

तेव्हा ऐक. गुरुवारी मी कापून घेणार. शनिवारी लग्नात टाके, सूज, काळा-निळा डोळा, सगळा साज घालून पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये उभी राहणार. फोटोवाल्याने मला खांबामागे ढकललं तर त्याच्याही नाकाला पट्टी लागेल. मिसेस प्रिचर्डला तू माझ्या वतीने काही कळवू नकोस, मी तिचं स्कोनचं ताट परत करतानाच कळवलंय.

सगळ्यांना माझा नमस्कार सांग. कोंबड्यांनाही.

तुझी भाची,
व्हॅल्मा

ता. क. – माणूस जागा असतानाच कापतात. एक पापुद्रा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, मुळं उरली असतील तर पुन्हा कापायचं. तोवर आपण खुर्चीत बसून राहायचं. क्लेम रक्त बघून आडवा होतो (गायीचं चालतं, माझं नाही). वर फुशारकी मारली ती मारली, पण तू बुधवारच्या बसने आलीस तर बरं होईल.

ता. क. दुसरा – ईस्टरला तू झोपली होतीस तेव्हा मी तुझे केस बाजूला करून बघितले. कानशिलावरचं ते चकाकणारं तू केस विंचरून, वर टोपी घालून झाकतेस. चामखीळ आहे म्हणू नकोस. डॉक्टरीणबाईकडे गुरुवारीच, माझ्यानंतर ते दाखवायला तुझं नाव दिलंय. खुर्चीत आधी मी बसते. मी ओरडले तर तू उठून घरी जा. नाही ओरडले तर मुकाट्याने टोपी काढायची.