बांगडीतली विहीर

चारा छावणी, कडा, ता. आष्टी
२२ एप्रिल २०१३

चिरंजीव बद्रीनाथ यास,

मी तुझी आजी. सारजाबाई. तुझ्या बापाची आई. तोंडात दात न्हाईत पण बोलायला लागली की थांबत न्हाई, ती. एवढ्यावर ओळख पटली तर पुढं वाच. न पटली तर पाकीट शेजारच्या खोलीत दे, तिथल्या कुणाला तरी आजी मिळंल.

लिहून घेणारी अंगणवाडीची गीताबाई हाय. फोन कावून केला न्हाई असं विचारू नको. फोन तू उचलत न्हाईस. पाकिटाला घंटी नसते, ते गुमान दारात पडून राहतं. गीताबाई म्हणती, आजी, सुरुवातीलाच टोचू नका. मी म्हणलं, तू लिही बाई, टोचायचं माझं मी बघते.

इकडं सगळं हाय तसंच हाय. तुझे आईबाप गावात टँकरच्या वाटंला डोळे लावून, आणि मी दोन बैलं, एक गाय घेऊन इथं माळावर. दूध सोसायटीनं छावणी टाकलीय. कारखान्याला जायचा ऊस औंदा दावणीत येतो. गाय गोड खाऊन खाऊन हागवणीला लागली. तिला म्हणलं, साखर पचायला चेअरमनच्या घरी जन्माला यावं लागतं.

तुझा खेळ चालू हाय.

तुला वाटलं असंल, दिवाळीला दोन दिवस खेळलो, खोकं म्हातारीकडं टाकलं, संपलं. पण जनावराला पाणी दाखवून वैरण टाकली की दिवसभर माणसाला काम काय? गडी तंबाखू मळत एकमेकांची तोंडं बघायचे आणि बघून बघून भांडायचे. मग मी खोकं उघडलं. दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकलं. शेणी मांडल्या त्या टेकड्या, तुराट्यांची कुंपणं, आणि मधोमध माझी काचेची बांगडी, ती विहीर. बांगडीत ज्याचा गडी टिकला, त्याची विहीर.

ते किल्ल्यावरचे मातीचे मावळे तू दिवाळी सरल्यावर उतरत्या भावात आणलेले, फेटे रंगवून टोळ्या पाडलेल्या. जालिंदरचे हिरवे, बिभीषणाचे पांढरे, कारभारीचे काळे, तुझ्या दोस्ताचे, बंकटचे पिवळे. तुझे लाल. तू न्हाईस म्हणून तुझे मी चालवते.

नेम मात्र तुझे मोडले. तू म्हणालतास, एकानं आपले सगळे गडी चालवायचे, मग दुसऱ्यानं. आरं, एक चालवतोय तोवर बाकीच्यांनी काय करायचं? बिभीषण घोरायचा आणि जालिंदर बोटानं दुसऱ्याचा गडी मागं सरकवायचा. इतके जण एकदम खेळवायचे तर कुणालाच निवांत बसू देता कामा नये. म्हणून लोटा घेतला. जितके गडी तितकं बी लोट्यात. जालिंदरचे चिंचोके, बिभीषणाचा मका, कारभारीची एरंडी, तुझी तूर, बंकटच्या सीताफळाच्या बिया. लोटा हलवून तिरका करायचा, ज्याचं बी भाईर पडंल त्यानं एकच गडी हलवायचा. गडी मेला की त्याचं एक बी लोट्यातनं कमी. पुढं कुणाचं पडंल कुणाला ठावं न्हाई, म्हणून कुणी पापणी पाडत न्हाई. दोन गडी भिडले की मारामारी कवड्या टाकून. आणि अंतर माझ्या वितीनं, कारण पट्टीवर सगळ्यांनी आधीच भांडून घेतलंय.

कारभारी सगळ्यांत वडील, आणि सगळ्यांत रडका. चष्मा पुसत म्हणतो, "काकू, सकाळी तुमची वीत मोठी होती."

मी म्हणते, "सकाळी भाकर खाल्लेली होती रे."

जालिंदर म्हणतो, "काकू, कारभारीला एक वीत उधार द्या, न्हाईतर रातभर उसासे टाकल." असा गोंधळ.

बंकट या सगळ्यात बोलायचा न्हाई. तो खेळायचा. त्याचा एक गडी कुंपणाआडनं कवा सरकला हे विहिरीत उभा राहिल्यावरच कळायचं. लई चांगला खेळायचा.

इथं तू वाचायचा थांबला असशील. थांबू नको. मीबी सांगायचं थांबलते, गीताबाईनं मला पाणी दिलं.

बंकट गेला हे तुला कळलंय. तू मेसेज धाडलास, तो गीताबाईनं मला वाचून दाखवला. "ऐकून वाईट वाटलं." तेवढंच. मी तिला म्हणलं, पुढं वाच. ती म्हणली, पुढं काही न्हाई आजी.

मग आता पुढचं मी सांगते.

बंकट दाराच्या कडंला माझ्या शेजारी बसायचा. दुसऱ्याचं बी पडलं की तेवढ्या वेळात तो तुला फोन लावायचा. कानाला धरायचा, घंटी वाजायची ती मलाबी ऐकू यायची, मग ठेवायचा. जालिंदर चिडवायचा, "आरं, तुझा साहेब हागायला बी फोन घेऊन जात न्हाई का?" बंकट हसायचा. म्हणायचा, "शिफ्ट आसल." तू त्याला दिवाळीत सांगितलंतस ना, मी पुण्यात शेठला विचारतो, तू फोन कर, जागा झाली की तुला नेतो. त्यानं फोन केला. सगळ्यांच्या देखत केला.

तू शेठला विचारलं न्हाईस हे मला कळतं. विचारलं असतंस तर उचलला असतास. न्हाई म्हणायची लाज वाटली असंल. न्हाई म्हणला असतास तरी चाललं असतं रे. तो दुसरीकडं कुठं गेला असता.

छावणीतल्या जनावरांसाठी सोसायटीनं जुनी विहीर आणखी खोल न्यायला घेतली होती. तिथं माणूस हवं होतं, बंकट उतरला. विहिरीवरच्या यारीनं दगडाची बकेट वर चालली होती, वायर तुटली. बकेट त्याच्यावरच आली. दुपारची वेळ, आमी इथं दाराभोवती बसलेलो, बंकटची जागा मोकळी ठेवून, कारण काम सुटलं की तो यायचाच. आवाज आला तेव्हा लोटा माझ्या हातात होता.

त्यानंतर दारावर मी माझं लुगडं टाकलं. कुणी उचललं न्हाई, कुणी गडी खोक्यात घातले न्हाईत. डाव तसाच. बंकटचा एक पिवळा गडी बांगडीत उभा. डाव त्याचाच होता.

तेरावा झाला आणि शहादेव आला. बंकटचा बाप. तुला ठावंच हाय, त्याला हा खेळ पोरखेळ वाटायचा, लांबनं शिव्या द्यायचा. येऊन पोराच्या जागंवर बसला. म्हणला, "काकू, झाकण काढा. माझ्या पोराचे कोणते?"

मी दाखवले.

"करायचं काय असतं?"

सगळे लोट्याकडं बघायला लागले. शेवटी कारभारीच म्हणला, "शहादेव, ती... मधली ती विहीर हाय. ती धरायची."

तो बांगडीकडं बघत राहिला. मी लोटा हलवला. कुणाचंबी पडो, सीताफळाचं नको, असं म्हणत हलवला, आणि सीताफळाचंच पडलं. त्यानं विचारलं, "किती लांब नेता येतो?"

"एक वीत."

"मग मोजा. ह्याला भाईर काढायचा हाय."

मी मोजलं. वीत लहान-मोठी झाली असंल, कारभारी भांडला न्हाई. शहादेवनं तो पिवळा गडी दोन बोटात उचलला, अंड्यासारखा, आणि विहिरीभाईर ठेवला. जालिंदरचा हिरवा कडंलाच उभा होता, नेमानं त्यानं हाणायचं होतं. जालिंदरच्या मुठीतनं कवड्या सुटल्या न्हाईत.

तवापासून रोज येतो. त्याचं बी पडलं की एकेक गडी विहिरीपासनं लांब नेतो. आणि नेऊन ठेवतो कुठं? तुझ्या लाल गड्यांजवळ. म्हणतो, "बद्रीपाशी राहू द्या. दोस्त हाय त्याचा."

बद्री, आता नीट ऐक. शहादेवला काही म्हाईत न्हाई. बंकट घरी सांगायचा, आज बद्रीशी बोलणं झालं, बद्रीनं जागा बघितलीय, पंधरा दिसांत निघतो. बापासमोर त्यानं तुझं तोंड राखलं. आता शहादेव आमालाच सांगतो, "बद्री नेणारच होता त्याला. माझ्याच पोराला दम निघाला न्हाई, उतरला विहिरीत." जालिंदर खाली मान घालून माती उकरतो. बिभीषण उठून जातो. मी म्हातारी लोटा हलवत बसते.

मी त्याच्याकडं पिठलं-भाकर घेऊन गेलते, दुखवट्याच्या घरी देतात तो कडू घास द्यायला. सगळ्या छावणीचा घास त्यानं घेतला, आपल्या घरचा घेतला न्हाई. माझ्या पायाला हात लावून म्हणला, "काकू, राग धरू नका. तुमच्या घरचा घास बद्रीच्या हातनं घेईन. त्याला लई लागलं आसल, म्हणून त्याचा पाय निघंना. त्याला बोलू नका."

मी गेलते तशी ताट घेऊन परत आले.

तू ये. सांगायचं ते तूच सांगायचं. मी सांगणार न्हाई, माझ्यानं व्हायचं न्हाई. त्या तिघांनाबी मी शपथ घातलीय, पण जालिंदर दारू पिला की त्याची शपथ सुटती. त्याच्या तोंडून शहादेवला कळलं तर मग तू येऊन उपेग न्हाई.

आणि एक. न सांगता घास पुढं केलास तर तो खाईल. तुझ्या गळ्यात पडून खाईल. ते बघायला मला जिवंत ठेवू नको. आधी सांग, मग घास कर. त्यानं ताट भिरकावलं तर गोळा कर. तोंड फिरवलं तर तिथंच बस, तो ऊठ म्हणेपर्यंत बस. काय व्हईल ते मला ठावं न्हाई. मारंल कदाचित. मारलं तर मार खा.

गीताबाई लिहिता लिहिता डोळे पुसती, अक्षर फिसकटलं तर तिला नावं ठेवू नको.

पुण्याहून गोड काही आणायचं न्हाई, पेढे न्हाई, बाकरवडी न्हाई. इथं आता ज्वारी उरली न्हाई, राशनच्या गव्हावर दिवस काढतोय. तू निघायच्या आधी एसटीच्या पार्सलनं दोन पायली ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ पुढं पाठव. ती आली की तू येतोस असं मी धरीन, आणि जात्यावर बसेन. भाकर तूच थापायची, करपली तरी चालंल. पण पीठ पाठवू नको. वाटंत विरी जाते त्याची, आणि मग कितीबी मळलं तरी भाकरीला चिरा पडतात.

तुझी आजी,
सारजाबाईचा अंगठा