दूध साठू द्यायचं नसतं

अण्णा, आज एका बैठकीत साठ मिली दूध निघालं! साठ! बाटलीवरची रेघ मी तीनदा बघितली, मग आईला दाखवली. तुम्ही असता तर ‘हे काय बापाला सांगायचं असतं का’ म्हणत पेपरात तोंड घातलं असतं. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता कसली लाज? शिवाय चूक माझी असली तरी शिकवण तुमची होती, तेव्हा ऐकावंच लागेल.

तुमची नात साडेसात महिन्यांतच आली, जेमतेम सव्वा किलोची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली, तोंडात बारीक नळी. डॉक्टर म्हणाले, हिला आईचंच दूध पाहिजे. मी घरी पंप लावून बसायचे. पाच मिली, कधी आठ. आई ती एवढीशी बाटली बर्फाच्या डब्यात घालून, वर पदर घालून, हर्सूलहून रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात न्यायची. म्हणे नजर लागते. आठ मिलीला कोण नजर लावतंय?

मग मला आपली बोअर आठवली. आजूबाजूला कॉलन्या उठल्या, घरोघरी बोअर झाली, आणि त्या दुष्काळात पाणी पार खाली गेलं. मी दहावीत. मोटर चालू करून मैत्रिणीशी गप्पा मारत बसले आणि मोटर जळाली. तुम्ही ओट्यावर उभे राहून ओरडताय, ‘अगं, दम खाऊ दे तिला! जरा साठू दे, मग उपस!’ सगळी गल्ली ऐकतीये. त्यानंतर आपल्याकडं दोन हंडे भरले की मोटर बंद.

तर मी तेच केलं. सहा-सहा तास पंपाला हात लावला नाही. पहिल्यांदा वीस मिली निघालं, मी लई खूश. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी बाटलीचा तळसुद्धा झाकला नाही. मी रडले, आणि खोटं कशाला बोलू, तुम्हाला शिव्याही घातल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं, ‘ताई, किती वेळानं काढता?’ मी बोअरचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अवो, ही काय बोअर हाय का! इथं जेवढं काढाल तेवढं येतं. साठवलं की शरीराला वाटतं, पिणारं कुणी नाय. दर अडीच तासांनी बसा, निघो न निघो.’

बसले. दोन दिवस नुसते थेंब. मग बारा, मग तीस, आणि आज साठ! उपसलं की वाढतं, अण्णा! अख्ख्या मराठवाड्यात असं पाणी बघितलंय का तुम्ही?

आणि दुपारी सिस्टरनी तिला पहिल्यांदा माझ्या छातीशी दिलं. तिनं ओढलं! चार घोट, थांबली, परत चार. मी हसत होते आणि डोळे वाहत होते.

हे पत्र टाकायला पत्ता कुठला. पण एक कबूल करते. आई बारशाचं काढायची तेव्हा मी तिच्यावर खेकसायचे. नाव ठेवलं आणि पोर गेली तर, ही भीती मी कुणालाच बोलले नाही. आज ती पीत असताना मात्र मी तिला हळूच नावानं हाक मारली. मान तिच्या आत्याचा होता. कुणाला सांगू नका.