तुझ्या दाजींचा तीन तुकड्यांचा टप

ती. व्यंकटदादास, उदगीरहून तुझ्या उमाचा वाकून नमस्कार. वहिनींची कंबर कशी हाय? भोकरची हळद यंदा बरी आली म्हणे. इकडं तुझे दाजी लई खुशाल हायत, घोर काय तो मला. (फोन लावला की ते कान देऊन शेजारी बसतात, म्हणून पत्र.)

यष्टीतून रिटायर झाल्यापासून दाजी गप्पच झाले होते, हे तू दिवाळीला पाहिलंसच. दिवसभर अंगणातल्या जुन्या जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसायचे. (इंजिन बंद ठेवून. चहा मी तिथंच नेऊन द्यायची.) मला तर भ्याव वाटायला लागलं होतं. अशात एक दिवस जीपची ताडपत्री टरकन फाटली आणि माणूस जागा झाला. म्हणाले, "उमा, आता पक्का टप. हार्डटॉप! तीन तुकड्यांचा. वारं पाहिजे तेव्हा मधला काढायचा." त्यांचे दोस्त गुलाम रसूलभाई फायबरच्या टाक्या करतात. त्यांनी जन्मात टप केला नव्हता, म्हणून ते जास्तच खूश. "भाभी, फिकर नक्को!" दोघांनी खोक्यांचा नमुना केला, मला सीटवर बसवून माझ्या अंबाड्यापर्यंत उंची मोजली आणि तुकडे आमच्या गच्चीवर वाळत घातले. आठवडाभर वरणालासुद्धा फायबरचा वास.

टप बसला, नारळ फुटला, आणि आम्ही तिघं मुखेडच्या बाजाराला निघालो. मुखेडच्या अलीकडं फाडकन आवाज झाला अन् डोक्यावर आभाळ दिसलं. मधला तुकडा उडून तुरीत गेला. (त्याचे बोल्ट रसूलभाईंच्या खिशात. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं आवळले.) नशीब, कुणाला लागलं न्हाई. शोधत गेलो तर बांधावर धोंडाबाई नावाची एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन त्या तुकड्याखाली सावलीला बसलेली. म्हणाली, "वरून पडलंय. माझं हाय."

दाजी भांडले न्हाईत. तिच्याजवळ मांडी घालून बसले आणि त्यांनी टपाचा उतार, रबर, जोड, सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई झ्याक केलंस बाबा. पण बोल्ट आवळायला तुझ्या घरी बायकू न्हाई का?"

दादा, दाजी खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ते हसणं मी विसरूनच गेले होते. पदर तोंडाला लावून मी तुरीकडं बघत उभी राहिले. पुढं बोल्ट मीच आवळले. म्हातारीला शेळ्यांसकट बाजारात सोडायचं, या बोलीवर तुकडा परत मिळाला. येताना जीपला लेंड्यांचा वास, पण दाजी घरापर्यंत बोलत होते.

आता टप पुरा झाला. गळत न्हाई, वाजत न्हाई. आणि काल दाजी परत गप्प.

वहिनींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुझी,
उमादेवी

ता.क. तुझ्या ट्रॅक्टरला टप पाहिजे असं तू म्हणालास, असं मी दाजींना सांगितलंय. तू म्हणाला न्हाईस, मला ठाऊक हाय.

ता.क. दुसरं. पोस्टानं उशीर होईल म्हणून पत्र पाकिटात डकवून दाजींच्याच हाती देऊन राहिले. ते आणि रसूलभाई आत्ता तुझ्यासमोर पाणी पीत बसले असतील. हसू नकोस. उंची किती ठेवायची, ते विचार.