चिकूनं समुद्र ओलांडला

बाबा, परवा दुपारी दुबईत एका माणसानं आपला चिकू कापला आणि तो आतून जसा निघायला हवा तसाच निघाला. हे ऐकायला तुम्ही नाही, याचा मला जेवढा राग आलाय तेवढा तुम्ही असतानाही आला नव्हता, आणि तेव्हा काही कमी येत नव्हता. चिकू समुद्र ओलांडत नाही, असं तुम्ही आयुष्यभर सांगत राहिलात. पेढीवर, लग्नाच्या पंगतीत, डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात, जिथे कोणी आखाताचा विषय काढेल तिथे. नाजूक माल आहे, म्हणायचात, दिल्लीपर्यंत जातो हेच पुष्कळ. आणि तुमची नजर हमखास माझ्याकडे वळायची, जणू मीही त्याच टोपलीतली होते.

तुमचं हे मत कुठून आलं ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. तुम्ही हौसेनं काही पेट्या बोटीनं पाठवायच्या ठरवल्यात आणि बोट येईपर्यंत त्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मासळीशेजारी ठेवल्यात. जितका गार तितका टिकेल, असा हिशेब. बोट चुकली, पेट्या परत आल्या. फळं दगडासारखी, आत काळपट; गवतात घाला, खोलीत कोंडा, पिकेचनात. बाजारात लोक हसले. मी तेव्हा शाळेत होते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी प्रश्न उभं राहून विचारायची सवय लावली होती, म्हणून मी पेढीवर उभी राहून विचारलं, "बाबा, मासळीला लागते तेवढी थंडी चिकूला कशाला?" तुम्ही म्हणालात, "बस खाली. इंग्रजी शाळेत चिकू पिकत नाहीत." मी बसले. दोष तुम्ही फळाला दिलात, आणि फळानं तो इतकी वर्षं सोसला.

पुढे पेढीच्या गादीवर माझ्या धाकट्या भावाला बसवलंत. त्याला तर बिचाऱ्याला बसायचंही नव्हतं. मी कोळंबी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत लागले, आणि पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा तुम्ही ओटीवरच चंदनाच्या साबणाचं आख्खं खोकं माझ्या हातात ठेवलंत. "आधी मोरीत जा, मग घरात ये." ती भेट होती की टोमणा, हे मी निवृत्त झाले तरी ठरवू शकलेले नाही. साबण चांगला होता. पण त्या वासाच्या नोकरीत मी काय शिकत होते ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. गोठवलेल्या मालाचे कंटेनर मी भरून घ्यायचे, सील करून घ्यायचे, ते न्हावा शेवाला बोटीवर चढेपर्यंत फोनला चिकटून असायचे. कंटेनर माल थंड करत नाही, थंड करून भरलेला माल तो फक्त तसा राखतो, हे मी भल्याभल्या मालकांना ओरडून सांगितलंय. तुम्हीही ऐकलं असतंत. मी शेजारच्या खोलीतच तर होते.

निवृत्तीनंतर मी भजनी मंडळात जाईन असं सगळ्यांना वाटलं. मी रानशेतपासून तलासरीपर्यंत चिकूच्या लहान लहान वाड्यांच्या उंबऱ्यांवर जाऊन बसले. फळ द्या, मी बोटीनं पाठवते. लोकांनी पाणी दिलं, चहा दिला, फळ देईनात. रानशेतच्या एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, "ताई, तू शिकलेली हायस. तुजा थंडा डबा बिघडला तं तू घरी जाशील. आमी बाजारात कोनाला तोंड दाखवायचं?" तिनंच पहिल्यांदा फळ दिलं, आणि तिच्याकडे बघून बाकीच्यांनी. म्हणजे हा एक कंटेनर बिघडला असता तर दुसरा कधीच निघाला नसता. माझ्या हातून तर नाहीच, पण या पट्ट्यातून कोणीही पुन्हा बोटीचं नाव काढलं नसतं, आणि तुमचं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं.

भरायच्या दिवशी सगळं ठीक चाललंय. फळ धुऊन, निवडून, शीतगृहात हवं तेवढंच थंड केलेलं, मासळीसारखं नाही. जहाज कंपनीचा मुलगा फोनवर विचारतो, "मॅडम, अजून कमी ठेवू का तापमान? सेफ राहील." मी म्हणते, "बाळा, तू मे महिन्यात शिमल्याला जातोस, म्हणून हिमालयाच्या टोकावर राहशील का?" खोकी आत चढतात. कंटेनरच्या भिंतीवर आत एक लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. मी कागदांवर सह्या करायला वळते, परत येते, तर धाकटा आत खोक्यांवर वाकलेला. रेघेच्या वर, छतापर्यंत, भाताच्या पेंढ्यात बसवलेल्या बांबूच्या टोपल्या. तुमची वरची टोपली, बाबा. माल भरून झाला की घेणाऱ्याच्या मुलाबाळांसाठी मापाबाहेरची म्हणून तुम्ही चढवायचात ती. त्यानं एक नाही, प्रत्येक वाडीच्या नावानं एक चढवली होती.

"उतरव," मी म्हटलं.

"ताई, बाबांची रीत आहे. वरच्या टोपलीशिवाय आपला माल कधी निघालाय?"

"बाबांचा माल उघड्या हवेत जायचा. इथे गार हवा खालून येते आणि वरून परत फिरते. ती वाटच तू बुजवलीस. आणि पेंढा? तिकडच्या तपासणीत पेंढ्याची काडी दिसली तर आख्खा कंटेनर अडकेल."

ड्रायव्हर मध्ये पडला. "मॅडम, महालक्ष्मी माताजी का प्रसाद समझो. दो-चार टोकरी से क्या होता है?"

"माताजींचा डोंगर इथून दिसतो. प्रसाद तिथे चढवा. तुम्ही कंटेनरचा जनरेटर बघा, त्यात डिझेल आहे का ते."

धाकट्याचा चेहरा पडला होता. "तू बाबांचा राग माझ्यावर काढतेस."

"तुझ्यावर कशाला काढू? त्यांच्यावरच काढतेय. ते आत असते तर त्यांनाही खाली उतरवलं असतं."

रानशेतची बाई हे ऐकून हसली, पदर खोचून आत चढली आणि पहिली टोपली तिनंच खाली दिली. मग धाकटाही हात लावू लागला. शेवटची पेंढ्याची काडी मी स्वतः वाकून वेचली. गुडघे तेव्हापासून बोलतायत. तुमची रीत मोडायला मला फार बरं वाटलं असं तुम्हाला वाटेल. बरं वाटायला वेळ कुठे होता, दार उघडं होतं आणि बाहेर ऊन होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. इथल्या किनाऱ्यावर नवं बंदर हवं की नको यावर गावात रोज भांडणं, आणि मी मात्र भर समुद्रातल्या एका डब्याचं तापमान मोबाइलवर बघत बसलेली. मग दुबईहून पहिला फोन आला. घेणारा मूळचा केरळचा, हिंदी मोडकीतोडकी. आम्ही सगळ्या पॅकिंगच्या शेडमध्ये एका मोबाइलवर वाकलेल्या. त्यानं दार उघडलं, मधलं एक खोकं ओढलं, फळ दाबून पाहिलं, चार दिवस बाहेर ठेवून पिकवू म्हणाला. मी म्हटलं, नुसतं दाखवायला एक पिकलेलं फळ दाराजवळच्या खोक्यात ठेवणाऱ्यांतली मी नाही, तेव्हा चार दिवस थांबू. थांबलो. परवाचा फोन हा दुसरा. सुरी, मऊ तपकिरी गर, काळ्या चकचकीत बिया. त्यानं फोड तोंडात टाकली. रानशेतची बाई माझ्या खांद्यावरून म्हणाली, "गिळला का? नुसता दाखवायला तं नाय खाल्ला?" त्यानं गिळला. दुसरी फोड घेतली. मग म्हणाला, "अगला कंटेनर कब?" शेडमध्ये इतका गलका झाला की त्याचं पुढचं बोलणं कोणालाच ऐकू गेलं नाही. धाकटा बाहेर जाऊन आंब्याखाली उभा राहिला. मी त्याला तिथेच एकटं राहू दिलं.

तर चिकू समुद्र ओलांडतो, बाबा. त्याला फक्त त्याची थंडी लागते, आणि डोक्यावर थोडी मोकळी जागा. तुमच्या बर्फाच्या कारखान्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, "बस खाली"बद्दल तर मुळीच नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते पेढीवर मोठ्यानं वाचून दाखवलं असतंत. एवढंच सांगते. प्रत्येक खोक्यावर पेढीचं नाव छापलंय, म्हणजे तुमचं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, भावाचा हट्ट, मी काय करणार. खरं तर त्यानं माझं नाव सुचवलं होतं.