पायऱ्यांची विहीर आणि तुझा पाय

माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसले आहे. मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचे आणि तू मध्येच अडवायचीस, "हळू वाच वो, पयून नोको जाऊ." म्हणून हळूच लिहिते. अकोल्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे, सकाळची भांडी मोरीत तशीच पडली आहेत आणि तू असतीस तर आधी ती घासायला लावली असतीस. पण बातमीच अशी आहे की भांड्यांना थांबावं लागेल. काल आपल्या गावातल्या विहिरीच्या पायऱ्या उघडल्या. तू ज्या बुजवायला लावल्या होत्यास, त्याच. भिंत पाडली, गाळ उपसला, वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या धुऊन काढल्या. आणि त्या उघडायला हरकत नाही, असं सांगणारी बाई कोण होती, तर मी.

सरपंचबाईंचा फोन आला तेव्हा मी दर्यापूरच्या एका शाळेत पोरांना जंताच्या गोळ्या देत होते. ही गोळी चावून खायची असते, आणि पोरं ती गिळायच्या किंवा गालात लपवायच्या तयारीत असतात, त्यामुळे तोंडं उघडून बघावी लागतात. सगळी नोकरी याच्यातच गेली. कधी जंताच्या गोळ्या, कधी हत्तीपायाच्या, घरोघर जाऊन, समोर उभं राहून खायला लावायच्या. तू म्हणायचीस, "लोकाईच्या पोटातले जंत तुह्या पोटाले भाकर देऊन राहिले." वर शेजारणींना सांगायचीस, "पोट्टी सरकारी नोकरीत हाये, जंताच्या खात्यात." तर सरपंचबाई विचारत होत्या, "मॅडम, गावातले पोट्टे पायऱ्या खोलतो म्हणून राहिले. खोलू का? थो नारू-बिरू तं नाई ना येत परत?" मी म्हटलं, खोला. मग सही-शिक्क्याचं जे काय होतं ते झालं. पण फोन ठेवल्यावर मी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले, कारण नारू हा शब्द कित्येक वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकला होता. आत आमच्या नव्या नर्स पोरींना विचारलं, नारू म्हणजे काय गं? एकीने नारळ म्हटलं. दुसरी नुसती हसली. तीसुद्धा नर्सच. मला इतका आनंद झाला माय, की मी त्या पोरीला चहा पाजला.

तुला काय सांगायचं नारू म्हणजे काय. तरी लिहिते, कारण आता ते माहीत असलेली माणसं संपत आली. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं. जिथे खणाल तिथे पाणी खारं, डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. सरकारने हापसा बसवला, त्यालाही खारंच पाणी लागलं. गोडं पाणी फक्त त्या एका पायऱ्यांच्या विहिरीला. सगळं गाव खाली उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायचं. फक्त आपल्या वस्तीच्या बायका वर थांबायच्या. कुणाला दया आली तर वरून आपल्या घागरीत ओतायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. धम्माची दीक्षा घेऊन वर्षं उलटली होती, पण घागरी वरच होत्या. मग दुष्काळाच्या साली तू, नवी सून, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून सरळ खाली उतरलीस आणि तुझ्यामागे वस्तीतल्या सगळ्या बायका. हे मी पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. पण इतक्या वेळा ऐकलं आहे की त्या ओल्या पायरीचा गारवा माझ्याच तळव्याला लागतो. "पायले पानी लागलं अन मले वाटलं, आता मी या गावची," असं तू सांगायचीस, आणि दर वेळी सांगताना आधी आपल्या पायाकडे बघायचीस.

आणि त्याच पायाला नारू झाला. मी तेव्हा चौथीत असेन. कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि तू घरात पडून आहेस. घोट्याच्या वर फोड, फोडातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो आहे. आग अशी की तू रडत नाहीस, नुसती दात खाऊन पडली आहेस. नारूवाला साहेब येतो. त्याचं दुसरं काही नाव असेल, पण गाव त्याला नारूवालाच म्हणतं. तो किड्याचं टोक काडीला गुंडाळतो, रोज थोडं थोडं फिरवायचं म्हणतो, ओढायचं नाही, तुटला तर पाय सडेल. मग विहिरीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हाकडे धरतो. आत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उड्या मारत असतात. तो समजावतो की नारूचा पाय पाण्यात गेला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो, हे ठिपके ती खातात, आपण ठिपक्यांसकट पाणी पितो, आणि गेल्या साली प्यालेलं पाणी यंदा पायातून निघतं. तू नुसती बाटलीकडे बघत राहिलीस. तो गेल्यावर एवढंच म्हणालीस, "म्हंजे मी पाय घातला म्हून."

तुला काय कळलं होतं ते मला मोठी झाल्यावर समजलं. आग होते म्हणून तू तोच पाय गार पाण्यात धरून उभी राहिली होतीस, जशी गावातली नारू झालेली प्रत्येक बाई उभी राहायची. पण बाकीच्यांच्या पायाकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं. तुझ्या पायावर मात्र सगळं गाव टपून होतं. ह्यांनी पाणी नासवलं, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या तयारच होतं, त्याला फक्त सरकारी पुरावा हवा होता, आणि तो आता काचेच्या बाटलीत उड्या मारत होता. ज्या पायऱ्या तू मिळवल्यास, त्या तुझ्याच पायामुळे वस्तीच्या हातून जाणार होत्या.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. साहेबाने सांगितलं, पायऱ्या भिंत घालून बुजवू, वर कठडा बांधू, रहाट बसवू, म्हणजे कुणाचाच पाय पाण्याला लागणार नाही. मग मागून कुणीतरी बोललंच, "साहेब, पायऱ्यावर कोन कोन उतराले लागलं, तवापासून हे सुरू झालं. त्याईले बंद करा, इहीर कायले बंद करता?" बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. तू माझ्या खांद्यावर भार टाकून उभी होतीस. तुझी बोटं खांद्यात रुतली ती मला अजून आठवतात. लंगडत पुढे गेलीस, ओट्याच्या कडेवर तो पट्टी बांधलेला, काडी लावलेला पाय ठेवलास, भर सभेत, पाटलांच्या समोर.

"पाह्यला माहा पाय? नीट पाहून घ्या. आता तुमचे दाखवा."

तू पाटलांकडे वळलीस. त्यांच्या शेतात निंदणाला जाताना तू त्यांचे पाय पाहिलेले होतेस. "पाटीलबुवा, तुमच्या नडगीवर डाग हाये. थो केव्हाचा?"

म्हातारा खोटं बोलला असता तर कुणी त्याला विचारलं नसतं. पण त्याने धोतर जरा वर केलं आणि डागाकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. "लहानपनचा. माह्या आजीनं काडीवर काढला होता."

"तवा मी तं जन्मालेबी आली नोती. मंग तुमच्या पायात कोनाचा नारू निघाला?"

पहिल्यांदा हसलं कोण, तर पाटीलच. मग एकेक करून धोतरं वर व्हायला लागली. बायकांनी लुगड्याचे काठ घोट्याच्या वर उचलले. नवे फोड, जुने डाग, काळे पडलेले व्रण, गावातलं एकही घर सुटलेलं नव्हतं. मागून बोललेला माणूस पाय आखडून बसला होता, त्याच्या बायकोनेच त्याचं धोतर ओढलं. एवढं हसू मी त्या गावात त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि त्या हसण्यात तू आपली अट सांगून टाकलीस, "बुजवा पायऱ्या. पन सगळ्याईच्या बुजवा. अन वरतं जो रहाट बसन, त्याले दोर एकच राहीन. वस्तीले येगळा दोर नाई, येगळी येळ नाई." पाटील म्हणाले, राहील. झालं.

त्या दिवशी गाव जिंकलं, वस्ती जिंकली, तू जिंकलीस. घरी येऊन तू चुलीपुढे बसलीस, भाकर तव्यावर टाकलीस आणि रडायला लागलीस. मी विचारलं, "माय, काहून रडून राहिली? आपून जिंकलो ना?" तू भाकर उलटलीस, पदराने नाक पुसलंस. "हाव, जिंकलो. पन थ्या पायऱ्या माह्या होत्या वो. आत्ता कुठी तं भेटल्या होत्या." मी तुझ्या पायाशी बसून राहिले आणि त्या काडीकडे बघत राहिले.

भिंत चढली तेव्हा विटा द्यायच्या रांगेत तू सगळ्यात पुढे उभी होतीस. पुढची गंमत सांगायची तर ती भिंतीपेक्षा त्या गाळणीच्या कापडाची. सरकारने बारीक विणीचं कापड वाटलं, कारण जुन्या पाण्यातले ठिपके लगेच मरणार नव्हते. लोक ते उलटंसुलटं कसंही घागरीवर बांधायचे, म्हणजे काल अडकलेला ठिपका आज सरळ आत. तू आपल्या कापडाच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घातलास, लाल वर आला पाहिजे. मग वस्तीत सगळ्यांच्या कापडाला, मग पाटलांच्या सुनेने बोलावलं म्हणून त्यांच्या घरी. ज्या घराच्या ओसरीपलीकडे तू कधी गेली नव्हतीस, त्यांच्या पाण्याच्या घागरीवर तुझ्या हातचा लाल टाका बसला. साहेब दर महिन्याला विहिरीत औषध टाकून जायचा, घरोघर पाय बघायचा. पुढच्या वेचणीला नारू कमी निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. मग एका साली साहेब सगळं गाव फिरून आला आणि आपल्या दारात पाणी मागून प्याला. "बाई, यंदा एकही नाही," तो म्हणाला. तू त्याला गुळाचा खडा दिलास.

देशातूनच नारू गेल्याची बातमी पेपरात आली, ती तुला मीच वाचून दाखवली. नोकरीला लागून मला बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं तू काहीतरी मोठं बोलशील. तू सुपातले गहू निवडता निवडता म्हणालीस, "गेला का मुडदा एकदाचा? मंग आता पायऱ्या खोला म्हना." मी हसले. मला ती थट्टा वाटली. तोवर धरणाचं पाणी नळाला यायला लागलं होतं, विहिरीकडे कुणी फिरकत नव्हतं. आणि मग तू गेलीस. पण माय, ती थट्टा नव्हती, हे मला काल कळलं.

काल सगळं गाव जमलं होतं. पाटलांची नातवंडं, आपल्या वस्तीची पोरं, अमरावतीला कॉलेजात शिकणाऱ्या पोरी, सगळ्यांच्या हातापायाला एकच गाळ. मला नारळ फोडायला सांगितला, मी म्हटलं, आधी खाली उतरते. चपला काढल्या आणि उतरले. वस्तीतल्या कुणाचीच घागर आता वर थांबलेली नव्हती, घागरीच नव्हत्या. पोरी शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, कुणाची पोरगी कुठली हे त्यांनाही ठाऊक नसेल. "मॅडम, पाय टाका ना, थंडगार हाये," म्हणाल्या. मी बसले. पाय टाकण्याआधी दोन्ही घोटे, दोन्ही नडग्या नीट तपासून घेतल्या, फोड कुठे नाही ना. त्या पोरींना कळेना मी काय शोधते आहे. काही नव्हतं. कुणाच्याच पायावर काही नव्हतं माय, एवढ्या सगळ्या पायांवर एकही डाग नव्हता. मी पाय सोडले आणि मोठ्याने रडले, त्याची मला लाज वाटली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहून झालं की तुला नेहमीसारखं वाचून दाखवीन, हळू, आणि मग भांडी घासायला उठेन. फक्त एक गोष्ट तिथे कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. या विहिरीत नारू नाही, असं लेखी देणारी मी. तरी निघताना सगळे वर गेल्यावर मी ओंजळभर पाणी घेतलं, आणि पदर दुहेरी करून, कुठली बाजू वर ते पाहून, गाळूनच प्याले. गोड आहे.