कानबाईसमोर कुणी हलू नका

देवपूर, धुळे

तीर्थरूप अक्कांना,

तुमच्या धाकट्या जावेचा पायांना हात लावून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता). जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तुम्ही चढत असणारच. वरणगावला पाऊस कसा आहे? इकडे सगळे ठीक. फक्त प्रेमराजभाऊजींच्या अंगठ्याला मलम लावलंय. त्याचं कारण पुढे येतंय.

यंदा गुडघ्यामुळे तुम्ही घरच्या देवीचा, कानबाईचा, नारळ, नथ आणि मान माझ्याकडे पाठवलात. वर निरोप, की फोटो पाठव, सगळं रीतीप्रमाणे दिसलं तर कानबाई कायमची देवपूरला आणि मी मोकळी. अक्का, तेव्हापासून मला घास गोड लागेना. कॉन्व्हेंटात शिकलेली सून काय नैवेद्याचे रोट भाजणार, असं भिकुबाई आत्या माझ्या लग्नापासून म्हणत आल्यात. रोट तर भाजले. आता फोटोत कमी पडायला नको, म्हणून सूनबाईकडून, म्हणजे सारिकाकडून, फोनमध्ये एक फुकटचं कॅमेऱ्याचं ॲप घालून घेतलं. मोठ्या कॅमेऱ्यातलं सगळं त्यात आपल्या हातानं लावता येतं. सारिका म्हणाली, "आई, ऑटोवर ठेवा आणि बटण दाबा." पण सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायच्या, हे आमच्या सिस्टरांनी छडीनं शिकवलेलं. मी सगळ्या वाचल्या, तिथेच घात झाला.

आधी व्हाइट बॅलन्स. तो एकीकडे सरकवला तर कानबाई निळी दिसे, दुसरीकडे सरकवला तर कावीळ झाल्यासारखी. मग आयएसओ. तो वाढवला की अंधारातलंही दिसतं म्हणे. दिसलं, पण सगळ्यांच्या तोंडाला रवा फासल्यासारखं. फोकस हातानं लावला, तर नथीमागचा विजेचा बोर्ड इतका सुरेख आला की त्यावरचं जळमटसुद्धा मोजता यावं (ते झाडायचं राहिलं होतं. हा फोटो पाठवत नाही).

शेवटी शटर. ते सावकाश ठेवलं की दिव्याच्या उजेडातही फोटो येतो, अट एकच, कुणी हलायचं नाही. आता कानबाईसमोर कुणी हलायचं नाही म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! माझ्या पहिल्या कानबाईला तुम्ही फुगडीत मला असं गरगरवलंत की मी माहेर, सिस्टर, सगळं विसरले होते. आणि मीच या वर्षी ऐन आरतीत ओरडले, "हलू नका!" टाळ्या थांबल्या, घंटा थांबली. भाऊजी पेटती आरती हातात धरून पुतळ्यासारखे उभे. आत्या खवळल्या, "अवं, कानबाईना दिन शे, नाचाना दिन शे! खांबासारख्या काय उभ्या ऱ्हायन्यात?" मी म्हटलं, आत्या, ओठही हलवू नका. तेवढ्यात भाऊजी कळवळले, "वहिनी, व्हयनं का? मना हात भाजी ऱ्हायना!" मी म्हटलं, थोडंच राहिलं. त्यांना धीर निघाला नाही. आरती खाली ठेवायला ते वाकले, त्यांना धरायला सगळे धावले, आणि तेवढ्यात शटर मिटलं.

फोटो सोबत आहे. कानबाई स्पष्ट, बाकी सगळं घर धूर. आत्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "बठ्ठा भूतं दिसतंस." मग इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. नंतर मलाच फुगडीला ओढलं.

तेव्हा अक्का, रीत मोडली की राहिली, हे फोटोवरून तुम्हीच ठरवा. गुडघ्याला जपा.

तुमची धाकटी,
कुमुद

ता. क. भाऊजी म्हणतात, पुढच्या वर्षी आरती फोटोवालीनंच धरावी.

आणखी एक ता. क. सारिकानं तिच्या फोनवर ऑटोवर एक फोटो काढलाय. त्यात कानबाई, रोट, सगळ्यांचे चेहरे, सगळं अगदी रीतीप्रमाणे आहे. तो मुद्दामच पाठवत नाही. तो पाहिलात तर छान म्हणाल आणि मोकळ्या व्हाल, आणि तुम्ही मोकळ्या झालेल्या मला नको आहात. नारळ आणि नथ घेऊन आमचा किरण रविवारी वरणगावला येतोय. कानबाई तुमच्याकडेच राहू द्या. दर श्रावणात आम्ही सगळे तिकडे येऊ. रोट मी भाजीन, तुम्ही खाटेवर बसून चुका काढा.